तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फॅमिली मेडिसिनचं शिक्षण सुरू होऊ शकतं का? गावाला त्याचा काय फायदा?

तुम्ही विचारलंय की बीड जिल्ह्यातल्या तुमच्या तालुक्यात 50 खाटांचं उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे फॅमिली मेडिसिनच्या (सगळ्या वयाच्या माणसांना, अख्ख्या कुटुंबाला सांभाळणाऱ्या डॉक्टरच्या शिक्षणाच्या) जागा मिळतील का आणि मिळाल्या तर गावातल्या माणसाच्या पदरात काय पडेल.

जागांचं आधी सांगतो. एकट्याच्या जोरावर मिळणार नाहीत, कुणाला तरी जोडून घ्यावं लागेल. एमबीबीएसनंतर या विषयाचं तीन वर्षांचं डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) आहे आणि 2020 पासून त्याच मंडळाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. प्रवेश दोन्हीकडे नीट-पीजीतून. डिप्लोमाला किमान 100 खाटा लागतात. म्हणून अर्ज जिल्हा रुग्णालयाच्या नावाने करायचा आणि शिकाऊ डॉक्टरांना काही महिने तुमच्याकडे पाठवायचं. दुसरी वाट जास्त सोपी आहे. एमडी-एमएस करणाऱ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काम सक्तीचं आहे आणि 2023 च्या नियमांनी त्यासाठीची अट 50 खाटांवर आणली. म्हणजे अंबाजोगाईच्या स्वाराती किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी मेडिकल कॉलेजांचे निवासी डॉक्टर तुमच्याकडे यायला खाटांची तरी अडचण नाही.

घोडं अडतं ते कागदावर. उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखाली, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि मेडिकल कॉलेज तिसऱ्याच खात्याचं. शिकाऊ डॉक्टरला आठवड्यातून दोन दिवस पीएचसीत बसवायचं म्हटलं तरी दोन साहेबांच्या सह्या लागतात. त्या नसल्या की तो मुकाट कॅज्युअल्टीत बसतो, रात्रपाळ्या भरतो, पोस्टमॉर्टेमला उभा राहतो आणि वर्ष सरतं. माझ्या मते हा अभ्यासक्रम फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. वॉर्डात मेडिसिन, बालरोग, प्रसूती शिकता येतं. तीच कुटुंबं दोन-तीन वर्षं सांभाळणं वॉर्डात शिकता येत नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासून एक उपकेंद्र (साधारण 5000 लोकसंख्या) नेमून द्यावं, ठरलेल्या वारी तिथे ओपीडी, सोबत तीच समुदाय आरोग्य अधिकारी, त्याच आशाताई. शेवटच्या वर्षी ‘ग्रामीण पोस्टिंग’ म्हणून दोन महिने टाकून काही साधत नाही.

आता गावाचा फायदा. बीडमध्ये तो ऊसतोडीत पाहायला मिळेल. बीपी-शुगरचे रुग्ण दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. 30 दिवसांच्या गोळ्या संपल्या की उपचार तुटला. इथे डॉक्टरने करायचं काम साधं आहे. सप्टेंबरातच आशाताईंकडून मुकादमनिहाय यादी घ्या. कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा नंबर कार्डावर लिहा, तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या. साठ्याचं गणित आधी मांडा. समजा केंद्रात 400 जण रोज एक अम्लोडिपिन (बीपीची गोळी) घेतात, तर महिन्याला 12,000 गोळ्या झाल्या. त्यातले 150 जण तीन महिन्यांचं घेऊन निघाले तर ऑक्टोबरात त्यांच्याच 13,500 लागतील. मागणी मागच्या वर्षीच्या वापरावर टाकली तर हमखास कमी पडतं, कारण मागच्या वर्षी साठाच नसल्यामुळे वापरही कमीच नोंदला गेलेला असतो. टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी जोडताना बाईचं वय आणि पाळी विचारायलाच हवी, गरोदरपणात ती गोळी चालत नाही.

दुसरं, गर्भपिशवी. ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्या जातात म्हणून 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. यातल्या कितीतरी बायकांची तक्रार अंगावरून पांढरं जाण्याची असते. त्याला सरकारी केंद्रात हिरवं किट आहे: सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅम, एकदाच. पहिल्या तीन महिन्यांची गरोदर असेल तर ते द्यायचं नाही. आधी स्पेक्युलमने (योनीमार्ग उघडून पाहायचं साधन) तपासायचं, तिशी ओलांडलेली असेल तर व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून गर्भाशयमुखही पाहायचं. ‘कॅन्सर होईल’ हे वाक्य तपासणीशिवाय बोलायचं नाही, त्याच धाकाने बाई ऑपरेशनला तयार होते.

तिसरं, सर्पदंश. रेफर करून मोकळं व्हायची सवय इथेच मोडायला हवी. घोणस-फुरशासाठी रक्त गोठतं का ते पाहणारी 20 मिनिटांची चाचणी शिकाऊ डॉक्टरने स्वतः करावी: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली ताजं रक्त, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरपं करायचं. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि सर्पविषावरची लस वाया जाते. विषबाधेची लक्षणं दिसली तर लसीच्या 10 कुप्या तासाभरात, मुलालाही तेवढ्याच. साप लहान मुलाला विष कमी सोडत नाही. अ‍ॅड्रेनॅलिन 0.5 मिलिग्रॅम (मोठ्या माणसाचा डोस) लसीची रिअ‍ॅक्शन आली तर लागेल म्हणून आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवायचं. मण्यारीच्या दंशाला मात्र सूज नसते, आग नसते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो आणि पापण्या जडावलेल्या असतात. पावसाळ्यात हे डोक्यात नसेल तर अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं.

शिक्षकांबद्दल थोडं. विशेषज्ञाची बदली झाली की मान्यता धोक्यात येते, त्यामुळे निदान मेडिसिन, बालरोग आणि स्त्रीरोगाची भरलेली पदं असल्याशिवाय अर्ज करू नये. विद्यावेतन रुग्णालयालाच द्यावं लागतं, त्याची तरतूद आधी हवी. राहायला क्वार्टर हवं, नाहीतर डॉक्टर रोज संभाजीनगर किंवा अंबाजोगाईहून ये-जा करतो आणि संध्याकाळी चारनंतर सापडत नाही. शिकून झाल्यावर फॅमिली फिजिशियन म्हणून वेगळं पद नाही, ही गोष्टही येणाऱ्याला आधी सांगावी.

तुम्ही स्वतः करण्यासारखं: रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव मांडा आणि त्यात दोनच मागण्या ठेवा. एक, तीन महिन्यांच्या नेमणुकीसाठी तुमच्या रुग्णालयाचं नाव स्वारातीच्या अधिष्ठात्यांकडे पाठवावं. दोन, त्या डॉक्टरांना ठरलेल्या वारी पीएचसीत पाठवण्याचा आदेश शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी एकत्र काढावा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. दोन खात्यांना एका टेबलावर बसवणं जिल्ह्यात त्यांनाच जमतं.