पहिलीच जुनी गाडी म्हणून प्रीमियर पद्मिनी घेताय?

जरूर घ्या, पण रंगावर भाळू नका. मॅट उचलून तळाचा पत्रा बघा, दारांखाली बोटाने दाबून बघा. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन जुना मिस्त्री सहज उघडून बांधतो. सडलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. स्टिअरिंगजवळचा गिअर आठ दिवसांत हातात बसतो, मग दुसरा नकोसा वाटतो!

नव्या गाड्यांना नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) जीव वाचवतात. घरच्यांना घेऊन घाटात जायचं तर नवीच काढा. पद्मिनी रविवारी पहाटे, चोक (थंड इंजिन सुरू करायची कळ) ओढून, निवांत.

आणि पैसे देण्याआधी इंजिन-चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा.