निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात गाडी रुतते त्यांच्यासाठी

तुम्ही लिहिलंय की बायबलची पहिली पाच पुस्तकं, म्हणजे ज्यूंचा तोरा, वाचायला पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा दुसऱ्या पुस्तकात, निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात, गाडी रुतली. "तेच तेच पुन्हा का सांगतात?" असं वैतागून विचारलंयत, शिवाय भाषांतर कोणतं घ्यावं आणि हिब्रू यायलाच हवं का, हेही.

मी ज्यू नाही, ख्रिस्तीही नाही. महानुभावांच्या पोथ्यांमधले पाठभेद लावता लावता या पाच पुस्तकांकडे वळलो आणि मीही नेमका तिथेच रुतलो होतो. निवासमंडपाच्या, म्हणजे देवासाठी उभारायच्या तंबूच्या, फळ्या किती हात, पडद्याला बिरडी किती, खांबांच्या बैठका कशाच्या... अध्याय २५ ते ३१ या सूचना, आणि ३५ ते ४० त्याच सूचना अमलात आणल्याचं वर्णन, जवळजवळ शब्दाला शब्द. माणूस झोपणारच.

आता असं करा. चोविसावा संपला की थेट ३२ वर उडी मारा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे डोंगरावर देवाकडून या सूचना घेतोय आणि खाली लोक सोन्याचं वासरू पुजतायत. तो खाली येतो, देवाच्या आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या फोडतो. चौतिसाव्यात नव्या पाट्या. ते वाचून मागे या, २५ ते ३१ चाळा, मग ३५. देवाशी केलेला करार मोडला, निस्तरला, आणि तरी मंडप ठरल्याबरहुकूम उभा राहिला, फळीसुद्धा बदलली नाही. दुसरी यादी त्यासाठी आहे, असं निदान मला वाटतं.

माझा एकूण सल्लाही हाच की पुनरुक्ती टाळू नका, तिथेच थांबा. पाचव्या पुस्तकाचं मराठी नावच बघा ना, 'अनुवाद'. आपण त्याचा अर्थ भाषांतर असा घेतो आणि गोंधळतो. मीमांसकांच्या भाषेत अनुवाद म्हणजे आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं. ते पुस्तक तेच करतं. मोशे मरणाआधी सगळं परत सांगतो, आणि सांगताना बदलतो.

वही घ्या, दोन रकाने आखा. डावीकडे निर्गम २०, उजवीकडे अनुवाद ५. दोन्हीकडे दहा आज्ञा आहेत. शब्बाथाची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा नीट वाचा. निर्गममध्ये कारण दिलंय ते सृष्टीचं: देवाने सहा दिवसांत सगळं केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादमध्ये सृष्टीचा उल्लेखच नाही. तिथे म्हटलंय की तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. आज्ञा तीच, कारण पार वेगळं. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. त्या बंद घाण्यामागे ही दोन कारणं आहेत.

आणखी एक. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको, हे वाक्य तीनदा येतं: निर्गम २३, निर्गम ३४, अनुवाद १४. आपण म्हणू, लेखनिकाची डुलकी. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, म्हटलं, तीनदा आलं म्हणजे तीन नियम: मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, खायचं नाही, त्यातून फायदाही घ्यायचा नाही. बेने इस्रायलांच्या घरी मटणाच्या रश्शात नारळाचं दूध असतं, दही नसतं, ते यामुळे.

आधुनिक अभ्यासकांनी याच पुनरुक्त्यांकडे उलट्या बाजूने पाहिलं. त्यासाठी हिब्रूची गरज नाही, मराठीतही दिसतं. उत्पत्ती १ मध्ये नुसता 'देव' आहे, २:४ पासून 'परमेश्वर देव' सुरू होतो आणि निर्मितीचा क्रमही बदलतो. जलप्रलयात सहाव्या अध्यायात प्रत्येक प्राण्याची एक जोडी, सातव्यात शुद्ध प्राण्यांच्या सात. झाँ आस्त्र्यूक या फ्रेंच वैद्याने १७५३ मध्ये देवाच्या नावांवरून उत्पत्तीतले धागे वेगळे करून दाखवले. १८७८ मध्ये वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने चार स्रोतांचा सिद्धान्त (ही पुस्तकं चार वेगळ्या लिखाणांतून जुळवली आहेत, हा) असा मांडला की पुढचं शतकभर त्याच्याशीच वाद चालला. आज ती चौकट तशीच्या तशी फार थोडे लोक मानतात. शिकून घ्या, पण सगळा वेळ कात्री चालवण्यात घालवू नका. जुळवणाऱ्याने दोन्ही कथा ठेवल्या, एक गाळली नाही, हे मला जास्त विचार करायला लावतं.

तिसऱ्या पुस्तकातले, लेवीयमधले, पहिल्या फेरीत अध्याय १६, १९ आणि २५ एवढेच वाचा. (ज्यू मुलांना परंपरेने लेवीयपासून सुरुवात करून देत, हे कळलं तेव्हा त्या मुलांबद्दल फार आदर वाटला.) चौथ्या पुस्तकात, गणनामध्ये, जनगणना सोडा, पण बलामची बोलणारी गाढवी सोडू नका. आणि सलाफहादाच्या पाच मुली: बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का पुसलं जावं, असं त्या मोशेला सगळ्यांसमोर विचारतात आणि जमिनीत वाटणी मिळवतात. अध्याय २७. छत्तिसाव्यात त्याला पुरवणी जोडलीय, ती वाचून चिडचिड होईल.

भाषांतर बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' घ्या, जुन्या वळणाचं. सोप्या मराठीतली वाचायला बरी, पण सोपं करताना पुनरुक्ती घासून जाते. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये छापून झालं. कुठे मिळालं तर शंका आलेल्या ओळी त्यात ताडून बघा.

हिब्रू पूर्ण यायला नको, पण पंधरावीस शब्द वहीत असू द्या. 'अदामा' म्हणजे माती, तिच्यातून 'आदाम'. 'तेवा' हा शब्द या पाच पुस्तकांत दोनच गोष्टींसाठी येतो: नोहाचं तारू आणि बाळ मोशेला नदीत ठेवलं ती लव्हाळ्याची पेटी. मराठीत दोन वेगळे शब्द पडल्यामुळे हा दुवा आपल्याला दिसतच नाही.

ज्यूंचं वर्षभराचं वाचन ५४ भागांत वाटलेलं असतं, साधारण आठवड्याला एक. तीच गती धरा. आणि रकाने आखल्यावर दहावी आज्ञाही बघा, घर आणि बायको यांचा क्रम दोन्हीकडे सारखा आहे का ते. काय दिसलं ते इथे लिहा.