आत्याला खाण्याचा आजार होता, आता भाचीपण जेवत नाही. हे रक्तातून येतं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी १४ वर्षांची, तीन महिन्यांपासून भाकरी-भात बंद, "शाळेत खाल्लं" म्हणते आणि ताटावरून उठते, नणंदेला लग्नाआधी असंच काहीतरी झालेलं पण तेव्हा त्याला नाव नव्हतं, आणि सासरचे म्हणतात आमच्या घरात असलं काही नाही. हे रक्तातून येतं का, आणि येत असेल तर आता आपल्या हातात काय उरलं, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापूरची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण १७व्या वर्षी मला ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं तोडून वजन उतरवत नेण्याचा आजार, झाला होता आणि माझ्या आत्यालाही तिच्या काळात तेच झालं असणार, म्हणून लिहिते.

हो, रक्तातून येतं. पण आजार येत नाही, आजाराकडे झुकणारी घडण येते, आणि हा फरक नीट कळणं फार गरजेचं आहे. एकसारख्या जुळ्यांचा आणि वेगळ्या जुळ्यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञ सांगतात की ॲनोरेक्सियाच्या धोक्यात जनुकांचा वाटा साधारण निम्मा किंवा थोडा जास्तच असतो. आता हे वाचून "म्हणजे माझ्या मुलीला ५० टक्के चान्स" असं धरू नका, तसा त्याचा अर्थच नाही. माणसामाणसांत धोक्याचा जो कमीजास्तपणा दिसतो त्यातला निम्मा जनुकांमुळे, एवढंच. पेशंटच्या सख्ख्या बहिणीला किंवा मुलीला इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त धोका असतो, २००० सालच्या एका अमेरिकन अभ्यासात तो ११ पटीच्या आसपास निघाला होता, पण मुळात आजारच शंभरात एखादीला होणारा, त्यामुळे ११ पट करूनसुद्धा बहुतेक बहिणी-मुली सुटतात. आणि आत्या-भाचीत जनुकं सरासरी पाव हिस्साच सारखी असतात. तेव्हा नणंदेकडे बोट दाखवू नका आणि स्वतःलाही दोष देऊ नका.

२०१९ मध्ये एक मोठा अभ्यास आला, जवळपास १७ हजार पेशंटचा डीएनए तपासला होता, आणि त्यात या आजाराशी संबंध असलेल्या डीएनएवरच्या ८ जागा सापडल्या. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. ॲनोरेक्सियाची जनुकं एका बाजूला ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती सुटत नाहीत तो आजार), एन्झायटी, डिप्रेशन यांच्याशी जुळतात, आणि दुसऱ्या बाजूला शरीर साखर कशी वापरतं, चरबी कशी साठवतं, माणूस किती हालचाल करतो याच्याशी. म्हणजे हा नुसता मनाचा खेळ नाही आणि नखरे तर अजिबातच नाहीत. "सडपातळ दिसायचं खूळ डोक्यात शिरलंय" असं मला एका डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, वर आईला म्हणाले लग्न लावून द्या, आपोआप खाईल. आईनं ते ऐकून घरी येऊन रडून घेतलं, आणि त्यात आमचे चार महिने वाया गेले.

माझी सुरुवात नवरात्रात झाली. नऊ दिवस उपास, भगर आणि दाण्याची आमटी, तीपण एकदाच. घरात इतरांना उपासाने चिडचिड व्हायची, डोकं दुखायचं, आई तर संध्याकाळी कुणाशी बोलायचीच नाही. मला उलटं झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोक्यातला सगळा गोंगाट थांबला. बारावीचं टेन्शन, कोण काय म्हणेल, सगळं एकदम शांत. दसरा झाला, घरचे पुरणपोळी खाऊन मोकळे झाले आणि मी थांबलेच नाही. लोक कौतुक करायचे, पोरगी काय कडक उपास करते म्हणून, आणि मला ते आवडायचं.

त्या शांततेमागे रसायन असू शकतं हे मला फार नंतर कळलं. मेंदूत सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन बनायला ट्रिप्टोफॅन नावाचा घटक लागतो आणि तो अन्नातूनच येतो. वॉल्टर के नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ वर्षानुवर्षं हेच अभ्यासतायत. त्यांचं म्हणणं असं की काही जणांच्या मेंदूत सेरोटोनिनची यंत्रणा जन्मापासूनच वेगळी चालते, अशी मुलं आधीपासूनच काळजी करणारी, सगळं परफेक्ट करू बघणारी असतात, आणि खाणं कमी झालं की ट्रिप्टोफॅन कमी, सेरोटोनिन कमी, आणि त्यांची घालमेल तात्पुरती शांत होते. पेशंट आजारी असताना पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सेरोटोनिन मोडून उरलेला अंश कमी सापडतो, बरे होऊन बराच काळ गेल्यावर मात्र इतरांपेक्षा जास्त. डोपामिन या सुखाशी जोडलेल्या रसायनाचंही काही वेगळं असावं, तुम्हा-आम्हाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर आल्यावर जे सुख वाटतं तिथे या पेशंटच्या मेंदूत भीती जागी होते. म्हणून "आवडीचं करून दिलं तरी खात नाही" याचं वाईट वाटून घेऊ नका, आवडीचंच जास्त भीतीचं असतं.

आता घडण असली तरी ठिणगी लागते, आणि ती ठिणगी बहुतेक वेळा वजन उतरणं हीच असते. कारण काहीही असो. डाएट असेल, उपास असेल, टायफॉइड असेल, धावण्याची स्पर्धा असेल. एकदा वजन एका मर्यादेखाली गेलं की उपाशी मेंदू स्वतःच आजार चालवायला लागतो. याचा सगळ्यात मोठा पुरावा १९४४-४५ चा अमेरिकेतला मिनेसोटाचा प्रयोग. ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना ना सडपातळ व्हायचं होतं ना आरशाचं वेड होतं, तरी ते पाककृती गोळा करायला लागले, एकेक जेवण तासन्‌तास चघळत बसायला लागले, माणसांतून उठले, चिडचिडे आणि उदास झाले. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण मी स्वतः न खाता घरातल्या सगळ्यांसाठी धपाटे करायचे आणि प्रत्येकाने किती खाल्ले ते मोजायचे.

पायाला भिंगरी लागते तेही यातलंच. उंदरांना दिवसातून थोडाच वेळ खायला दिलं आणि पिंजऱ्यात फिरायचं चाक ठेवलं तर ते दमून पडून राहायच्या ऐवजी जास्तच पळत सुटतात आणि खाणं आणखी कमी करतात. चरबी उतरली की लेप्टिन नावाचं हार्मोन खाली जातं, त्याचा या धावपळीशी संबंध आहे आणि पाळी बंद पडण्याशीपण. मी रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाभोवती फेऱ्या मारायचे, अंगात त्राण नसताना. त्याच हिवाळ्यात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या गर्दीत, चक्कर येऊन पडले. तेव्हा कुठे घरचे खडबडून जागे झाले.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, हातात भरपूर आहे. जनुकं बदलता येत नाहीत, पण वजन परत आणता येतं, आणि मेंदूला समजावण्याआधी मेंदूला खायला घालावं लागतं. उपाशी मुलीला लेक्चर देऊन काही होत नाही. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात कुटुंबाला धरून उपचाराची एक पद्धत तयार झाली, तुमच्या मुलीच्या वयासाठी तीच जास्त उपयोगी पडते. त्यात काही काळ काय, किती, कधी खायचं हे पूर्णपणे आई-वडील ठरवतात, मुलगी नाही, दर जेवणाला कुणीतरी शेजारी बसतं, भांडण न करता आणि ताट न उचलता. माझ्या आईनं कुठली पद्धत माहीत नसताना हेच केलं, एकेका वाटी वरणाला सव्वा तास लागायचा.

गोळीने हे सुटेल या आशेवर राहू नका. बुलिमियाला, म्हणजे खाऊन उलटी काढण्याच्या आजाराला, फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळीचा फायदा होतो, पण ॲनोरेक्सियात वजन खूप कमी असताना ते फारसं चालत नाही. जो कच्चा मालच पोटात नाही त्यापासून बनणारं रसायन गोळी कुठून वाढवणार.

एक मात्र या आठवड्यातच करा. आधी फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन नाडी, बीपी, ईसीजी, आणि रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट, साखर बघून घ्या. खूप दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खायला घातलं तर फॉस्फेट घसरून हृदयाला धोका होतो, म्हणून वाढवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि टप्प्याटप्प्याने. सोडियम-पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून सुटलो असंही धरू नका, माझ्या हाताखालून असे बरेच रिपोर्ट गेलेत जे शेवटपर्यंत नॉर्मल दिसत होते. चक्कर, छातीत धडधड किंवा नाडी खूप मंद वाटली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. मानसोपचार विभाग इथे सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही आहे, आणि सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीत बोलतात, फुकट आहे.

आणि नणंदेशी बोला. माझी आत्या सोलापूरच्या पूर्व भागात राहते, उपासाला कडक म्हणून सगळ्या नात्यात तिचं नाव. मी घरी पडून असताना ती एक दिवस आली, मला न जेवल्याबद्दल एक शब्द बोलली नाही, फक्त हळूच विचारलं, "उपाशी राहिलं की डोकं शांत होतं ना गं?" माझ्या आयुष्यात ते कुणी ओळखलं नव्हतं. ती म्हणाली मलापण व्हायचं, ३० वर्षं झाली, मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी तिने स्वतःसाठी पण ताट वाढून घेतलं आणि माझ्याबरोबर बसली. पुढे वर्षभर दर रविवारी दुपारी यायची, बसने, दोघींचं जेवण होईपर्यंत उठायची नाही.

तुमच्या नणंदबाई जवळपास राहत असतील तर विचारून बघा, एखाद्या जेवणाला त्या मुलीशेजारी बसतील का.