घर-दार : तुमचे प्रश्न

प्रश्न : हॉलमध्ये आड भिंत घालून मुलीला अभ्यासाची खोली करायची आहे. स्लॅबवर वजन नको म्हणून विटांऐवजी जिप्सम बोर्ड घ्यायचा विचार आहे. आपल्या पावसात तो टिकेल? टीव्हीचा आवाज आत जाईल? – एक वाचिका, फोंडा

उत्तर : टिकेल, ताई, पण खालची कड सांभाळा. म्हापशाला माझ्याच घरी मी बोर्ड थेट लादीला टेकवला होता. पहिल्याच पावसाळ्यात लादी पुसतानाचं पाणी वर चढलं आणि वीतभर बोर्ड फुगला. तेव्हापासून मी खाली सेंटिमीटरभर फट सोडतो, ती सीलंटने भरतो आणि वर स्कर्टिंग लावतो. ओलाव्यासाठी हिरवा बोर्ड मिळतो, तोच घ्या. मात्र शेजारच्या भिंतीत गळती असेल तर आधी ती काढा. हिरवा बोर्डही सतत भिजण्यासाठी नसतो.

सांगाडा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याचा करा, लाकडाला आपल्याकडे वाळवी सोडत नाही. स्टड, म्हणजे सांगाड्याचे उभे खांब, दोन-दोन फुटांवर.

आवाजासाठी दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डाचे दोन-दोन थर द्या आणि मध्ये रॉकवूल (दगडी लोकर) भरा. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. पहिल्या थराला २५ मिलिमीटरचे स्क्रू पुरतात, दुसऱ्याला ३५चे लागतात. कारागीर घाईत स्क्रूंचा एकच डबा आणतात, तेव्हा समोर उभ्या राहा. स्विचचे डबे दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवू देऊ नका, आवाज तिथूनच शिरतो. पुस्तकांचं फडताळ लावायचं असेल तर बोर्ड चढवण्याआधीच आत प्लायची पट्टी ठोकून घ्या.