दोन टक्के मीठ आणि खान्देशचे ऊन

वाचकांचे प्रश्न : साठवणीचे पदार्थ

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तिथल्या शेजारणीने त्याला आंबवलेल्या कोबीची, म्हणजे सावरक्राउटची, कृती शिकवली. कोबीच्या वजनाच्या केवळ दोन टक्के मीठ घालायचे आणि तो कोबी महिनोन्‌महिने टिकतो, असे तो सांगतो. मी चैत्रात त्याच मापाने बरणी भरली. पाचव्या दिवशी कोबी लिबलिबीत झाला आणि वासामुळे बरणी अंगणात ठेवावी लागली. आता मुलगा म्हणतो की आपण लोणच्यात उगाचच मुठी भरभरून मीठ घालतो. खरे कोणाचे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : मुलाचे माप बरोबर आहे आणि आपले लोणचेही बरोबर आहे, चुकला तो महिना.

कोबी मिठाने टिकत नाही, तो आंबटपणाने टिकतो. त्याच्या पानांवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मुळातच असतात. चिरलेल्या कोबीला मीठ चोळले की पाणी सुटते, पानांतली साखर त्या पाण्यात उतरते आणि हे जिवाणू तिचे आम्ल करतात. सुरुवातीचे काम ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू करतात. आम्ल वाढू लागले की ते मागे पडतात आणि लॅक्टोबॅसिलस जातीचे अधिक काटक जिवाणू ते पुरे करतात. नासवणाऱ्या जंतूंना पहिले काही दिवस थोपवून धरावे, एवढेच त्या दोन टक्के मिठाकडे काम असते. हा सगळा क्रम १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमानात नीट चालतो आणि त्याला तीन-चार आठवडे लागतात. चैत्रातल्या दुपारी आपल्याकडे पारा चाळिशीला टेकलेला असतो. तिथे सुरुवातीच्या जिवाणूंना जम बसवायला सवडच मिळत नाही, भाजी मऊ पाडणारी विकरे (एन्झाइम) मात्र जोरात काम करतात, आणि आपण अनुभवला तो प्रकार होतो.

कैरीच्या लोणच्याचे गणित वेगळे आहे, कारण तिथे आम्ल तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही. ते कैरीतच असते. आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर अंक जितका कमी, तितका पदार्थ अधिक आंबट. अन्नात विष तयार करणारे सर्वांत घातक जिवाणू ४.६ या अंकाच्या खाली वाढत नाहीत, आणि कच्ची कैरी तीनच्या आसपास असते. त्यावर किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ, मोहरीची डाळ, हळद, हिंग आणि वर बोटभर शेंगदाण्याचे तेल. तेल जंतू मारत नाही, केवळ हवा अडवते; पण बुरशीला हवा लागतेच, म्हणून तो पडदा हवा. मे महिन्यात ४४ अंश सोसणाऱ्या घरात वर्षभर फ्रीजबाहेर राहणाऱ्या पदार्थाला इतके सगळे लागते. मुलाने ‘उगाचच’ म्हटलेले मीठ बिनकामाचे नाही.

हीच गोष्ट इतर देशांतही दिसते. कोरियात किमचीचा वर्षाचा साठा हिवाळ्याच्या तोंडाशी, घरची आणि शेजारची माणसे एकत्र बसून घालतात. त्या रीतीला किमजांग म्हणतात आणि २०१३ मध्ये युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. किमचीचे रांजण पूर्वी जमिनीत पुरत असत, कारण हिवाळ्यात जमिनीच्या पोटात थंडावा स्थिर राहतो आणि किमची गोठतही नाही, फार आंबतही नाही. उलट जपानमध्ये उमे नावाचे आंबट फळ ऐन पावसाळ्यात, दमट उकाड्यात, खारवले जाते, आणि त्या उमेबोशीला जुन्या मापाने मीठ किती, तर फळाच्या वजनाच्या १८ ते २० टक्के. म्हणजे आपल्या लोणच्याइतकेच. नंतर पाऊस उघडला की ती फळे तीन दिवस उन्हात वाळवतात. आपल्या आजीला हे वाचून दाखवले असते, तर ‘मग त्यात नवीन काय?’ असेच त्या म्हणाल्या असत्या.

एकदा आंबून तयार झालेला कोबी मात्र उष्णतेलाही बऱ्यापैकी दाद देत नाही. कॅप्टन जेम्स कुक १७६८ मध्ये ‘एन्डेव्हर’ जहाजावरून निघाला, तेव्हा खलाशांना स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग होऊ नये म्हणून त्याने तयार आंबट कोबी बरोबर घेतला होता, आणि तो उष्ण समुद्र ओलांडूनही खाण्याजोगा राहिला. खलाशी त्याला तोंड लावीनात, तेव्हा कुकने तो रोज अधिकाऱ्यांच्या पंगतीला वाढायला लावला. साहेब खातात हे पाहताच आठवड्याभरात खलाशी आपण होऊन मागू लागले. मुलांना कारले खाऊ घालणाऱ्या आयांना ही युक्ती ठाऊक असेलच.

तेव्हा कोबी पौष-माघात घालावा. किलोभर कोबीला वीस ते पंचवीस ग्रॅम मीठ तराजूवर तोलून घ्यावे. मुठीचे माप इथे फसवते, कारण मूठभर खडे मीठ आणि मूठभर बारीक मीठ यांचे वजन सारखे भरत नाही. चोळून पाणी सुटले की बरणीत दाबून भरावे आणि वर स्वच्छ वजन ठेवून कोबी पाण्याखाली बुडलेला राहील असे पाहावे; पाण्यावर आलेले पानच आधी खराब होते. वायू सुटतो, म्हणून बरणी तोंडापर्यंत भरू नये आणि झाकण घट्ट आवळू नये. वर पांढरा, पातळ, सपाट थर आला तर तो काढून टाकावा, त्याने अपाय नाही. केसाळ, काळी, हिरवी किंवा गुलाबी बुरशी दिसली, तर बरणी रिकामी करावी. हवा तापू लागली की तयार कोबी फ्रीजमध्ये हलवावा.

प्रश्न : यंदा मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर नेहमीच्याच मापाने लोणचे घातले, तरी महिन्याभरात वर बुरशी आली. मीठ कमी नव्हते.
— एक वाचक, पारोळा

उत्तर : मग पाणी गेले असावे. आपल्याकडे बाठ धरलेली गावरान कैरी पाऊस पडल्यावर घेतात, ती ओलीच घरी येते, आणि बाजारात अडकित्त्यावर फोडून घेतली तर त्या पाटावरचा, पोत्यावरचा ओलावाही तिच्याबरोबर येतो. कैऱ्या घरी धुऊन, पुसून, पंख्याखाली कोरड्या केल्यावर अडकित्तेवाल्याकडे न्याव्यात. फोडी घरी आल्या की प्रत्येक फोड हातात घेऊन कोयीवरचा पातळ पापुद्रा सोलावा, कोरड्या फडक्याने पुसावी आणि दोन-तीन तास कापडावर पसरावी. फोडीला बाठीचा तुकडा मात्र राहू द्यावा, त्यामुळे ती वर्षभर खुटखुटीत राहते. तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण निवू द्यावे. चौथ्या-पाचव्या दिवशी खार खाली बसतो आणि फोडी तेलाच्या वर डोके काढतात; त्या वेळी पुन्हा तेल ओतायचे राहून गेले, तर बुरशी हमखास येते. बरणीत ओला चमचा घालणाऱ्याचे नाव विचारत नाही, ते प्रत्येक घराला माहीत असते.

प्रश्न : ‘लोणचे’ आणि ‘अचार’ या शब्दांची मुळे कोणती?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : लोणचे हा शब्द लवण, म्हणजे मीठ, यावरून आला. अचार फारसीतून आला आणि लांब पसरला. मलय भाषेत तो ‘आचार’ झाला, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून जपानपर्यंत पोचून तिथल्या एका गोड-आंबट लोणच्याच्या नावात बसला.

प्रश्न : सोललेला लसूण कच्च्या तेलात बुडवून बाटलीत भरला, तर सहा महिने टिकतो असे एका व्हिडिओत पाहिले. शेवभाजीच्या वाटणासाठी सोयीचे आहे. करावे का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : करू नये. कैरीला तेल चालते ते तिच्या आंबटपणामुळे. लसूण आंबट नाही. त्याचा पीएच ५.३ च्या वरच असतो. मातीतून आलेले बोटुलिनम जिवाणूंचे बीजाणू त्याला चिकटलेले असू शकतात, आणि हे जिवाणू हवा नसेल तिथेच फोफावतात. म्हणजे वर ओतलेले तेल त्यांना हवी तशी जागा करून देते. त्यांचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते, आणि ते तयार झाले तरी पदार्थाला वास येईलच असे नाही. कॅनडात व्हँकुव्हर येथे १९८५ मध्ये एका उपाहारगृहात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली होती. बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. त्यांना दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. लसूण सालीसकट जुडीने टांगून ठेवावा, तो असा कितीतरी दिवस राहतो. सोललेलाच हवा असेल तर थोडाथोडा सोलून फ्रीजमध्ये ठेवावा आणि चार दिवसांत संपवावा.

प्रश्न : आमचे ज्वारीचे बिबडे (आंबवलेल्या ज्वारीचे पापड) दरवर्षी श्रावणात मऊ पडतात आणि त्यांवर ठिपके येतात. वाळवण तर आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरच्या, कडक उन्हात करतो.
— एक वाचक, शहादा

उत्तर : कडक ऊनच कधी कधी घात करते. जाड थापलेला बिबडा वरून लवकर वाळतो, वरचा थर कडक होतो आणि आतले पाणी आतच कोंडते. ज्वारी तीन दिवस भिजवून आंबवलेली असते, त्यामुळे पिठाला थोडा आंबटपणा असतो, पण बुरशीला रोखायला तेवढा पुरत नाही. बिबड्याचा टिकाऊपणा शेवटी वाळण्यावरच आहे. जगात वाळवणीच्या जागा पाहिल्या तर सगळीकडे निव्वळ ऊनच काम करते असे नाही. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा फेब्रुवारीपासून लाकडी मांडवांवर टांगून नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवतात, मीठसुद्धा लावत नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवून, दिवसा पायाने तुडवून त्यांतले पाणी काढतात. अशा वाळवलेल्या बटाट्याला चुन्यो म्हणतात आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. आपल्याच जिल्ह्यात, धडगावकडे सातपुड्यात, आमचुरासाठी कैरी सोलून पातळ काप करतात, त्यात अर्धे यश त्या पातळपणाचे असते.

ओल्या कापडावर पाण्याच्या हाताने बिबडा थापताना कापडाची वीण खालून पुसट दिसेल इतका तो पातळ करावा. संध्याकाळी कापड उलटे करून, मागून पाणी शिंपडून बिबडे सोडवतात. ते शिंपडलेले पाणी पुन्हा वाळवायचे असते, हे पुष्कळदा विसरले जाते. सोडवलेले बिबडे सुटे करून आणखी दोन-तीन दिवस उलटसुलट ऊन द्यावे. अर्धवट ओले बिबडे शेंगदाण्यांबरोबर पोरांनी पळवले तर पळवू द्यावेत, पण डब्यात एकही ओला जाता कामा नये. भरण्यापूर्वी मधोमध मोडून पाहावा. कट्ट आवाज येऊन तुटला तर वाळला, वाकून फाटला तर पुन्हा गच्चीवर. उन्हातून काढलेले गरम बिबडे तसेच डब्यात कोंडू नयेत, आतल्या झाकणाला घाम सुटतो. श्रावणात उघडीप पडेल त्या दुपारी डबा एकदा रिकामा करून त्यांना ऊन दाखवावे.