२^६७ − १ मूळ नाही. पाया २ फसवतोय

तुमचा प्रोग्राम २^६७ − १ ला मूळ संख्या म्हणतो आणि पुस्तकात ती संयुक्त दिलीय, म्हणून तुम्ही लूप पुन्हापुन्हा तपासताय. लूप सोडा. पुस्तक बरोबर आहे: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. हे विभाजक गणितज्ञ कोल यांनी १९०३ मध्ये दाखवले. ती संयुक्त आहे हे गणितज्ञ ल्यूका यांनी १८७६ मध्येच, विभाजक न सापडताही, दाखवून दिलं होतं.

कोड पाहिलेला नाही, तेव्हा चूकभूल देणेघेणे. पण ‘२ चा n − १ वा घात घेतला, बाकी १ आली’ असं तुम्हीच लिहिलंय, आणि गोची नेमकी तिथेच आहे. n म्हणजे तपासायची संख्या; ज्याचा घात घेऊन n ने भागता तो पाया, इथे २. n मूळ असेल तर बाकी १ येतेच, पण १ आली म्हणून n मूळच असं नाही. २^p − १ (p मूळ) या साच्यातल्या संख्येला पाया २ ने तपासण्यात काही अर्थच नाही.

२^११ − १ = २०४७ घ्या. ही २३ × ८९, म्हणजे उघड संयुक्त. पण २^११ = २०४८, म्हणजे २०४७ ने भागल्यावर बाकी १. आणि २०४६ = ११ × १८६. मग २^२०४६ ची बाकी १ येणारच, संख्या मूळ असो वा नसो. p विषम मूळ असला की दर वेळी हेच होतं, कारण n − १ ला p ने भाग जातोच. मिलर–राबिन, म्हणजे याच चाचणीचं कडक रूप, पाया २ ने लावूनही सुटका नाही: ते n − १ मधले २ काढून उरलेला घात तपासतं; २०४६ = २ × १०२३, आणि १०२३ लाही ११ ने भाग जातो, म्हणून तिथेही बाकी १च. पाया ३ केलात की ३^२०४६ ची बाकी १०१३ येते आणि सोंग उघडं पडतं.

खरा राग त्या तयार फंक्शनांचा येतो, जी नुसतं ‘बहुधा मूळ’ असं उत्तर देतात आणि कोणता पाया वापरला ते मदतपानावर कुठेही सांगत नाहीत. अशांवर विसंबू नये, असं माझं तरी मत.

या साच्यासाठी सरळ ल्यूका–लेहमर ही खास चाचणी वापरा: ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग वजा २, २^p − १ ने भागून बाकी, असं p − २ वेळा. शेवटी ० आलं तरच मूळ. १२७ साठी (२^७ − १, p = ७) ४, १४, ६७, ४२, १११, ०. हे हाताने जुळवा, मगच p = ६१ कडे वळा. तिथे ५९ फेऱ्या. २^६१ − १ ही ६४ बिटांत बसते, पण तिचा वर्ग १२२ बिटांपर्यंत जातो. ओव्हरफ्लो झाला, म्हणजे ६४ बिटांत न मावणारे अंक गळले, तर खरी मूळ संख्याही संयुक्त ठरेल, आणि एररसुद्धा येणार नाही.

जाता जाता: विभाजक शोधायचेच असतील तर फक्त २kp + १ रूपातले (k = १, २, ३…) बघा, त्यातही ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येणारे. बाकीचे तपासणं फुकट. आणि p = २ वेगळा हाताळा, ल्यूका–लेहमर विषम p साठीच आहे.