आयफेल टॉवर समुद्रात कसा गेला?

प्रश्न : जगातल्या प्रसिद्ध वास्तूंचा डिजिटल नकाशा करते आहे. मिळतील तिथून अक्षांश-रेखांश गोळा करून स्प्रेडशीटमध्ये भरले आणि लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवणारं साधन) वापरून मार्कर लावले. बरेच जागेवर बसले. पण आयफेल टॉवर सोमालियाच्या पूर्वेला समुद्रात पडला, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा किर्गिझस्तानच्या डोंगरात, आणि सात मार्कर घानाच्या दक्षिणेला पाण्यात एकावर एक! आकडे दोनदा ताडून पाहिले. चूक कुठे आहे?
– एक वाचक

उत्तर : एक नव्हे, तीन वेगवेगळ्या चुका आहेत, आणि तुमच्या मार्करांनीच त्या सांगून टाकल्यात.

आयफेल टॉवर ४८.८५८४ उत्तर, २.२९४५ पूर्व. या आकड्यांची अदलाबदल करून पाहा, थेट सोमालियाजवळचा समुद्र येतो. लीफलेटला अक्षांश आधी लागतो. जिओजेसन (नकाशावरच्या जागांची माहिती साठवायचा एक प्रकार) फाइलीत मात्र रेखांश आधी लिहितात. तुमच्या सगळ्याच जागा उलटलेल्या नाहीत, म्हणजे ही ओळ तुम्ही तसल्या एखाद्या फाइलीतून उचलली असणार. त्याच फाइलीतून आणखी काय काय घेतलंत ते आठवा. (हा घोळ तुमच्या-माझ्या आधीचा आहे. दर्यावर्दी अक्षांश आधी सांगत. तो सूर्य किंवा ध्रुवतारा पाहून काढता येई, रेखांशासाठी भरवशाचं घड्याळ अठराव्या शतकात आलं. गणितवाले आधी आडवा अक्ष मोजतात, म्हणून त्यांचा रेखांश पुढे.) अक्षांश ९० च्या वर कधीच जात नाही. त्या रकान्यात १५१ दिसलं, तर ओळ नक्की उलटी.

पुतळ्याचं साधं आहे. रेखांश ७४.०४४५ पश्चिम, म्हणजे आकड्याआधी उणे चिन्ह हवं. ते गळलं. दक्षिण गोलार्धातल्या अक्षांशांनाही उणे लावा, नाहीतर सिडनीचं ऑपेरा हाउस जपानच्या पूर्वेला तरंगेल.

ते सात मार्कर म्हणजे सात रिकाम्या चौकटी. रिकाम्याचं शून्य झालं, आणि शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही जागा गिनीच्या आखातात आहे. नकाशावाले तिला गमतीने ‘नल आयलंड’ म्हणतात. बेटबीट काही नाही तिथे.

आता मला खरी धास्ती आहे ती जागेवर ‘बसलेल्या’ मार्करांची. समुद्रात पडलेली चूक दिसते तरी. मी एकदा याच पुतळ्याचा अक्षांश, ४० अंश ४१ मिनिटं २१ सेकंद, बिनदिक्कत ४०.४१२१ असा लिहिला होता. मार्कर पडला न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ, सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला. जगाच्या नकाशावर एवढं अंतर म्हणजे काहीच नाही; मला ते कळायला आठवडा लागला. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं असतं : ४०.६८९२. दशांशानंतर पाच आकडे असले की साधारण एक मीटरपर्यंत नेमकेपणा येतो. पुढची शेपटी खुशाल छाटा.

तुमच्या यादीत हे झालंय का, ते दशांशचिन्हानंतरच्या पहिल्या दोन आकड्यांवरून ताडता येईल. एका ठिकाणाहून घेतलेल्या वीस-पंचवीस ओळींत ते कुठेच ५९ च्या वर गेले नसतील, तर ती मिनिटं आहेत.